उष्णा तांदळाच्या मिलसाठी सेक्शनल वॉटर-ट्यूब बॉयलर: आराखडा पाण्यापासून सुरू करा

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग म्हणजे धानाचा पट्टा. इथे उष्णा, म्हणजे धान भिजवून-वाफवून केलेला तांदूळ काढणाऱ्या मिलला वाफ लागते आणि ती करायला लागणारं जळण मिलच्याच मागच्या अंगाला पडलेलं असतं, ते म्हणजे धानाचा भुसा. म्हणून बॉयलर घेताना चर्चा भुशाच्या भट्टीवर सुरू होते, ट्यूबच्या किमतीवर येते आणि पाण्याचा विषय बॉयलर बसल्यावर निघतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. आधी पाणी तपासा, मग वाफेचा हिशेब मांडा आणि शेवटी लोखंडाकडे या. या क्रमाने गेलात तर सेक्शनल वॉटर-ट्यूब बॉयलर खेड्यातल्या मिलला उत्तम बसतो. क्रम चुकला तर त्याच्या अरुंद ट्यूब दोन-तीन हंगामांत क्षाराने भरू शकतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हा लेख वाचून गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बॉयलर बनवायचा नाही. पंचवीस लिटर किंवा त्याहून जास्त क्षमतेचं, १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त दाबाचं वाफेचं बंद भांडं कायद्याच्या कक्षेत येतं. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता बॉयलर्स ॲक्ट २०२५ आला आहे. आराखड्याला मंजुरी, मान्यताप्राप्त उत्पादक, प्रमाणित वेल्डर, नोंदणी आणि ठरावीक मुदतीची तपासणी यांतलं काहीही टळत नाही. आपल्या राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहतं. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली आणि त्यातूनच पुढच्या वर्षी बंगालचा पहिला बॉयलर कायदा झाला. उत्पादकासमोर बसताना मिलमालकाला, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाला किंवा तरुण इंजिनिअरला आपलं गणित आपल्याला मांडता यावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

सेक्शनल म्हणजे नेमकं काय

साध्या फायर-ट्यूब बॉयलरमध्ये मोठ्या टाकीत पाणी असतं आणि नळ्यांतून धूर जातो. वॉटर-ट्यूबमध्ये पाणी नळ्यांत असतं आणि धूर बाहेरून फिरतो. अमेरिकेत जॉर्ज बॅबकॉक आणि स्टीफन विल्कॉक्स यांनी १८६७ साली ज्या बॉयलरचं पेटंट घेतलं, त्यातला मुख्य विचार सुरक्षिततेचा होता. सगळं पाणी एका मोठ्या भांड्यात ठेवायचं नाही, लहान लहान भागांत वाटायचं. एखादा भाग फाटला तर नुकसान तेवढ्यापुरतं राहावं.

त्यातूनच आज ओळखीची झालेली मांडणी रुळली. पुढे एक उभा हेडर, म्हणजे ट्यूबची टोकं जिला जोडतात ती पोकळ पेटी, मागे एक उभा हेडर आणि दोघांना जोडणाऱ्या तिरप्या ट्यूबची एक उभी रांग, हा झाला एक सेक्शन. असे सेक्शन शेजारी शेजारी लावायचे, वर ड्रम जोडायचा आणि खाली भट्टी. ट्यूब आडव्याला सुमारे १५ अंश कललेल्या असतात आणि पुढचं टोक उंच असतं. पुढच्या भागात आच लागली की ट्यूबमध्ये वाफ आणि पाण्याचं हलकं मिश्रण तयार होतं, ते वर चढतं, पुढच्या हेडरमधून ड्रममध्ये जातं. ड्रममधलं जड पाणी मागच्या हेडरमधून खाली उतरतं. फिरवायला पंप लागत नाही.

आपल्याकडे या रचनेचा आणखी एक फायदा आहे. पुढे जो बॉयलर मांडणार आहे त्याचा एक सेक्शन दोनशे किलोच्या आसपास भरतो आणि ड्रम सहा-सातशे किलोचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतरस्त्याने येतो, चेनपुलीने बसतो, क्रेन लागत नाही. पुढे एखादा सेक्शन खराब झाला तर तेवढाच काढता येतो.

पहिलं काम: पाण्याचा नमुना

ज्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार आहात त्याचे दोन नमुने प्रयोगशाळेत द्या, एक पावसाळ्यानंतर आणि एक एप्रिल-मे महिन्यात. कठीणपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), पीएच, क्लोराइड आणि सिलिका एवढं मागा. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की आकडे बदलतात आणि आराखडा वाईट आकड्यावर करायचा असतो. जवळ मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) असेल तर त्याचाही नमुना द्या. साठलेल्या पावसाचं पाणी बहुधा बोअरपेक्षा मऊ असतं, गाळ मात्र गाळून घ्यावा लागतो.

सॉफ्टनर लावला की झालं, असा समज सर्वत्र आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. कठीणपणा जातो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. बॉयलरमध्ये पाणी आटत जातं तसे हे विरघळलेले क्षार दाट होत जातात, म्हणून थोडं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं. हा ब्लोडाउन. त्याचं सूत्र सोपं आहे: फीड पाण्याचा, म्हणजे बॉयलरमध्ये भरायच्या पाण्याचा, टीडीएस भागिले (बॉयलरमधला चालू शकणारा टीडीएस वजा फीडचा टीडीएस).

पुढे आपण धरणार आहोत तेवढ्या दाबाच्या बॉयलरमध्ये टीडीएस ३,५०० च्या आत ठेवतात. सुरक्षित बाजूने ३,००० धरू. बोअरचा टीडीएस ६०० असेल तर ६०० भागिले २,४००, म्हणजे वाफेच्या २५ टक्के पाणी तापवून गटारात सोडायचं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात सरकी तेलाच्या किंवा इतर कामासाठी कोणी असा बॉयलर लावणार असेल आणि टीडीएस २,००० असेल, तर हेच सूत्र २०० टक्के सांगतं. तिथे आरओशिवाय वॉटर-ट्यूब बॉयलरचा विचारच करू नये.

दुसरं काम: वाफ किती आणि कुठे लागते

उदाहरणाला तासाला १ टन धान घेणारी मिल घेऊ.

भिजवण: १,००० किलो धान आणि सुमारे १,३०० लिटर पाणी २८ अंशांवरून ७० अंशांवर न्यायचं. पाण्याला ५४,६०० आणि धानाला सुमारे १६,८०० किलोकॅलरी लागतात. थेट वाफ सोडली तर १२० किलो वाफ. भिजलेलं धान वाफवायला गळतीसकट साधारण ७० किलो.

वाळवण: इथेच खरी मागणी आहे. वाफवलेल्या धानात ओलावा ३३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो १४ वर आणायचा असतो. एका टनामागे साधारण २८० किलो पाणी उडवावं लागतं. ड्रायर ६० टक्के कार्यक्षम धरला तर त्याच्या वाफेच्या कॉइलला ५६० किलो वाफ लागते.

बेरीज झाली ७५० किलो, त्यातला तीन-चतुर्थांश ड्रायरचा. म्हणून ज्यांचं धान अजून अंगणात उन्हावर वाळतं त्यांनी शेजारच्या मिलचा बॉयलर पाहून तसाच मागवू नये. त्यांची गरज चौथा हिस्सा असते. आपण ड्रायरसह धरू, सुरुवातीच्या ओढीसाठी वाव ठेवू आणि बॉयलर तासाला १,००० किलोचा घेऊ. दाब ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर पुरतो, त्यावर वाफ सुमारे १७० अंशांची असते. आराखड्याचा दाब १०.५ ठेवा.

आता ड्रायरच्या कॉइलमधून वाफ पाणी होऊन बाहेर येते त्याकडे वळू. हे कंडेन्सेट म्हणजे फुकटचं, गरम आणि जवळपास क्षारमुक्त पाणी. अनेक मिलमध्ये ते नालीत वाहताना दिसतं आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते. ५६० पैकी ८५ टक्के परत आणलं तर ४७६ किलो झालं. ते ९० अंशांवर आलं आणि त्यात ३० अंशांचं २७४ लिटर ताजं पाणी मिसळलं, तर फीड टाकी ६८ अंशांवर येते. फीडचा टीडीएस ६०० वरून २२० वर उतरतो आणि ब्लोडाउन २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर. सॉफ्टनरवरचा भार, मिठाचा खर्च आणि बोअरचा उपसा हे सगळं एका परतीच्या पाइपने कमी होतं.

भुसा पुरेल का, हेही याच पाइपवर ठरतं. एक टन धानातून सुमारे २०० किलो भुसा निघतो. किलोला ३,२०० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली, तर ७५० किलो वाफेला ३० अंशांच्या फीडवर २१७ किलो भुसा लागतो आणि ७० अंशांच्या फीडवर २०४. ब्लोडाउनमधून जाणारी उष्णता यात धरलेली नाही. ती २५ टक्क्यांवर तासाला आणखी १२ किलो भुसा खाते. म्हणजे परतीचा पाइप असेल तर मिल जवळपास स्वतःच्या भुशावर चालते, नसेल तर दुसऱ्याचा विकत घ्यावा लागतो.

तिसरं काम: सेक्शनची मांडणी

भुशावर, शांत आचेवर, एका चौरस मीटर तापपृष्ठामागे तासाला २० ते २२ किलो वाफ धरावी. याहून जास्त काढता येते, पण मग राख, झीज आणि क्षार तिन्ही अंगावर येतात. १,००० किलोला ४६ चौरस मीटर लागतील.

ट्यूबचा व्यास कोणता? ५०.८ मिमीची ट्यूब स्वस्त पडते आणि उत्पादक तीच सुचवेल. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मिलला मी ६३.५ मिमीची सांगेन, कारण क्षार घासायचं यंत्र तिच्यातून सहज फिरतं. तीन मीटर लांबीच्या एका ट्यूबचं बाहेरचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. म्हणजे ७७ ट्यूब: ११ सेक्शन, प्रत्येकात ७. सेक्शनमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ११५ मिमी ठेवलं तर गठ्ठ्याची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास येते. ट्यूब एकावर एक सरळ नको, नागमोडी हेडर घेऊन एकाआड एक सरकवलेल्या हव्यात, म्हणजे धुराला सरळ वाट मिळत नाही. १५ अंशांच्या उतारामुळे ट्यूबची दोन टोकं पाऊण मीटरने वर-खाली होतात. बसवताना हा उतार पातळीनळीने प्रत्येक सेक्शनवर मोजून घ्या. सपाट राहिलेल्या ट्यूबमध्ये वाफ अडते आणि ती ट्यूब वरच्या अंगाने जळते.

जाडीबद्दल एक हिशेब पाहण्यासारखा आहे. १०.५ किलो दाबाला आणि ६३.५ मिमी व्यासाला आयबीआरच्या (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स या नियमांच्या) पद्धतीने, गंजाची भर धरूनही, गरज सव्वा मिमीच्या आतच येते. नियमांत किमान जाडीची अट वेगळी आहे, आणि प्रत्यक्षात साडेतीन मिमीच्या आसपासची ट्यूब घ्यावी. उरलेलं लोखंड दाबासाठी नसून गंज, राखेचं घासणं आणि ट्यूब फुलवून बसवताना होणारा ताण यांच्यासाठी आहे. ट्यूब आयबीआर प्रमाणपत्राची आहे का आणि तिच्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, कागदाशी जुळतो का, हे ट्रॉलीतून उतरवतानाच पाहा.

हेडर पोलादाचेच हवेत. सुरुवातीच्या काळात बिडाचे हेडर वापरत, पुढे उद्योगानेच ते सोडून दिले, कारण बीड ताण सहन न करता तडकतं. प्रत्येक ट्यूबच्या समोर हेडरला हँडहोल, म्हणजे झाकणाचं भोक हवं, पुढे आणि मागे. त्यातूनच ट्यूब फुलवतात, घासतात आणि बदलतात. दोन्हीकडची मिळून १५४ झाकणं होतात आणि प्रत्येक झाकण ही गळतीची शक्य जागा आहे, हे खरं आहे. उत्पादक म्हणेल, मागची झाकणं कमी करू, स्वस्त पडेल. तिथे मान्य करू नका. जी ट्यूब आतून दिसत नाही ती घासलीही जात नाही. गॅस्केटचा एक पूर्ण संच मिलमध्ये शिल्लक ठेवा.

घासणं इतकं महत्त्वाचं का, याचं गणित असं. खालच्या दोन ओळींवर आच सरासरीच्या पाच-सहापट, चौरस मीटरला ८० किलोवॅटपर्यंत जाऊ शकते. क्षाराच्या १ मिमी थरातून एवढी उष्णता ढकलायला साधारण ८० अंशांचा फरक लागतो. स्वच्छ ट्यूब १९० अंशांच्या आसपास असते. तीन मिमी थर साठला की लोखंड ४३० वर जातं आणि साधं कार्बन पोलाद तिथे मऊ पडू लागतं. सिलिकाचा थर असेल तर यापेक्षा खूप पातळ थर तेवढंच नुकसान करतो.

ड्रम आडवा, मागच्या हेडरच्या वर, ९०० मिमी व्यासाचा आणि १.८ मीटर लांबीचा घेऊ. मागचे हेडर थेट त्याला जोडायचे, पुढच्या हेडरच्या माथ्यावरून आडव्या नळ्या ड्रममध्ये आणायच्या. खाली उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेला आच लागू देऊ नका, तिला विटांची आड हवी. तीही तापली तर वजनातला फरक जातो आणि फिरणं मंदावतं. मागच्या हेडरच्या तळाशी गाळाचा आडवा ड्रम आणि त्याला ब्लोडाउन व्हॉल्व्ह.

भट्टी, धूर आणि राख

तासाला १,००० किलो वाफेच्या वेळी भुसा सुमारे २७० किलो जळतो. भट्टीला ५ घनमीटर मोकळी जागा द्या. भुसा हलका असतो, उडत उडत जळतो. जागा कमी पडली तर अर्धवट जळालेला काळा भुसा ट्यूबवर जातो आणि चिमणीतून बाहेर पडतो. ट्यूबच्या सर्वांत खालच्या ओळीपर्यंत ज्योत पिवळी लोळत असेल तर भट्टी लहान आहे, असं समजा.

भुशाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि ती पोलाद घासते. आपल्या मांडणीत आडव्या विटांच्या भिंती घालून धुराला तीन फेऱ्या दिल्या तर पहिल्या फेरीत वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास राहतो. हा चांगला, सौम्य वेग आहे. प्रत्येक वळणाखाली राखेचं हॉपर आणि बाहेरून उघडणारं दार ठेवा. राख तासाला ५० किलोच्या घरात निघते. बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान १८० ते २२० अंश असावं. ते महिन्याभरात ४० अंशांनी चढलं तर ट्यूबवर बाहेरून राख किंवा आतून क्षार, दोन्हींपैकी एक नक्की आहे. हा तापमापक स्वस्त असतो आणि फार काही सांगतो. चिमणी आणि धूळ पकडणारं सायक्लोन यांच्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बांधकामाआधी घ्या.

पऱ्हाटी किंवा तुराट्या जाळायचा विचार असेल तर उत्पादकाला आधीच सांगा. त्यांच्या राखेतलं पोटॅशियम कमी तापमानाला वितळतं, जाळीवर क्लिंकर धरतं आणि ट्यूबला चिकटतं. दार मोठं आणि जाळी वेगळी लागते.

लाईट गेली तर

खेड्यातल्या बॉयलरचा आराखडा या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पूर्ण होत नाही. वॉटर-ट्यूबमध्ये पाण्याचा साठा कमी असतो. आपल्या ड्रममध्ये पातळी १०० मिमी उतरायला फक्त १४० किलो वाफ जावी लागते, म्हणजे पूर्ण भारावर साडेआठ मिनिटं. वीज जाते, पंप थांबतो, पण जाळीवरचा भुसा जळतच राहतो.

म्हणून पाणी भरण्याची दुसरी सोय विजेवर नको. वाफेवर चालणारा इंजेक्टर किंवा वाफेचा पंप घ्या. इंजेक्टर गरम पाणी नीट उचलत नाही, त्याला थंड पाण्याची वेगळी टाकी द्या. विजेच्या फीड पंपालाही ७० अंशांचं पाणी खेचताना आत वाफ धरते, म्हणून फीड टाकी पंपाच्या वर तीनेक मीटर उंच बांधा. पातळी खाली गेली की भोंगा वाजावा, आणखी गेली की भुशाचा फीडर आणि पंखे आपोआप बंद व्हावेत.

दोन सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा, प्रेशर गेज, फीड चेक व्हॉल्व्ह, मेन स्टॉप व्हॉल्व्ह हे सगळं नियमात आहेच. बॉयलर चालवणारा अटेंडंट प्रमाणपत्रधारक हवा, तोही प्रत्येक पाळीला. त्याला एक गोष्ट लिहून भिंतीवर लावून द्या: काचेत पाणी दिसत नसेल तर पाणी भरायचं नाही. भुसा बंद, पंखे बंद, आच काढा आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. लाल झालेल्या ट्यूबवर पाणी गेलं तर ते क्षणात वाफ होतं.

पहिली आच आणि पावसाळ्यातली झोप

बॉयलर उभा राहिला की निरीक्षकासमोर पाण्याच्या दाबाची चाचणी होते. नव्या बॉयलरला ती दीडपट दाबाची असते. त्या वेळी १५४ झाकणं एकेक करून हाताने पुसत पाहा. नंतर विटकाम वाळवायला काही दिवस मंद आच द्या, घाई केली की फायरब्रिक तडकते. मग सोडा ॲश आणि ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्याने बॉयलर उकळून आतलं तेल आणि ग्रीस काढा, पाणी पूर्ण बदला आणि त्यानंतरच वाफ मिलकडे सोडा. पहिल्या महिन्यात एका सेक्शनची चार झाकणं उघडून आत बोट फिरवा. पांढरा थर हाताला लागला तर सॉफ्टनर आजच तपासायचा आहे.

हंगाम संपला की खरा गंज सुरू होतो. उन्हाळी धान आटोपलं की मिल बंद आणि समोर पावसाळ्याचे चार दमट महिने. बॉयलर अर्धा भरलेला सोडू नका. महिन्याच्या आत पुन्हा चालवायचा असेल तर ड्रमसकट काठोकाठ भरा, पाण्यात सोडियम सल्फाइट घाला आणि पीएच ११ च्या आसपास ठेवा. जास्त काळ बंद राहणार असेल तर कोमट असतानाच रिकामा करा, सगळी झाकणं उघडा, ट्यूब घासून पुसून कोरड्या करा, ड्रममध्ये कळीच्या चुन्याचे किंवा सिलिका जेलचे ट्रे ठेवा आणि झाकणं लावा. बाहेरची राख एक कणही राहू देऊ नका, ओल धरली की तीच लोखंड खाते. चिमणीचं तोंड झाका. दर महिन्याला ट्रे पाहून चुना बदला. आत किती ट्रे आहेत ते पाटीवर लिहून भट्टीच्या दाराला टांगा आणि नव्या हंगामाचं पाणी भरण्याआधी तेवढे ट्रे मोजून बाहेर काढा.